जर्मनीत घरासमोरच्या रस्त्याचं बिल: हेसनमध्ये हा कायदा पूर्ण रद्द का होत नाही?

मंजिरी_हेसन

नमस्कार मंडळी,

जर्मनीत घर घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले इथे बरेच जण आहात, म्हणून मुद्दाम वेगळा धागा काढतेय. विषय आहे श्ट्रासनबायत्राग. म्हणजे घरासमोरचा गावचा रस्ता जुना झाला, पालिकेने तो उकरून नव्याने बांधला, की खर्चाचा मोठा हिस्सा त्या रस्त्यालगतच्या घरमालकांकडून वसूल करतात. बव्हेरियावाले त्यालाच स्ट्राब्स म्हणतात. हा देशपातळीवरचा कायदा नाही, प्रत्येक राज्याचा पालिका-करांचा आपापला कायदा आहे, त्यामुळे तुम्ही नकाशावर कुठे राहता त्यावर सगळं ठरतं.

आमचं गाव हेसनमध्ये, फ्रँकफुर्टपासून लोकलने पाऊण तास. आमच्या गल्लीचा नंबर लागलाय. गावच्या हॉलमध्ये मीटिंग झाली, तिथे इंजिनिअरने रस्त्यातून काढलेला डांबराचा गोल ठोकळा टेबलावर ठेवला, वरचा थर काळा, खालचा तपकिरी, आणि तो खालचा थर टारमिश्रित (कोळशापासून काढलेलं टार) आहे असं सांगितलं. पूर्वीच्या रस्त्यांत असं टार सर्रास वापरायचे, आता ते घातक कचऱ्यात मोडतं आणि वेगळं नेऊन टाकावं लागतं, म्हणजे त्याचाही खर्च वाढला. मग प्रोजेक्टरवर हिशोब आला. एकूण खर्च अंदाजे 6 लाख 40 हजार युरो. रहिवासी गल्ली धरल्यामुळे 75 टक्के आमच्यावर, म्हणजे 4 लाख 80 हजार. तो भागिले सगळ्या प्लॉटचं मजल्यांनुसार गुणलेलं क्षेत्रफळ, 16 हजार चौरस मीटर, म्हणजे मीटरला 30 युरो. आमचा प्लॉट 412 मीटर, दोन मजल्यांचा गुणक 1.25, म्हणून 515 मीटर धरले. झाले 15 हजार 450 युरो.

शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, नवऱ्याच्या पेन्शनवर राहतात. प्लॉट आमच्यापेक्षा मोठा कारण पूर्वी मागे भाजी लावायचे. त्यांचा आकडा आमच्याहून जास्त आहे आणि मीटिंगमध्ये त्या एवढंच विचारत होत्या की बँक मला या वयात कर्ज देईल का.

आता मुद्द्याचं बोलते. 2018 मध्ये हेसनने कायदा बदलला. आधी वसुली करायलाच हवी असा सूर होता, तुटीत असलेल्या पालिकांवर तर वरून दबावच यायचा. बदलानंतर पालिकेला वाटलं तर करा, नाहीतर नका करू. हप्ते 20 वर्षांपर्यंत करून मिळतात. पण राज्याने हा कर पूर्ण रद्द करून पालिकांना पैसे द्यावेत ही मागणी विधानसभेत पुन्हा पुन्हा आली आणि पुन्हा पुन्हा पडली. का पडते? दोन किलोमीटरवरच्या शेजारच्या गावाने हा कर काढून टाकलाय आणि आम्हाला पंधरा हजार, हे कुठल्या न्यायाने? रद्द झालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण विरोधातलं म्हणणंही नीट समजून घ्यायचंय.

म्युनिकमामा

मंजिरीताई, बव्हेरियात आम्ही हे सगळं पाहिलंय. फ्राये वेलर पक्षाने 2018 च्या जानेवारीत सह्यांची मोहीम उघडली आणि सत्तेतली सीएसयू, जी तोपर्यंत नाही म्हणत होती, ती महिन्याभरात फिरली, कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक होती. जूनमध्ये विधानसभेने कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2018 पासून मागे जाऊन लागू केला. सह्यांनीच हे झालं, हे विसरू नका.

पण एक गोष्ट अजून सलते. ज्यांना बिल 2017 च्या डिसेंबरात आलं त्यांनी भरायचं आणि ज्यांना काही आठवड्यांनी येणार होतं ते सुटले. आमच्या ओळखीत एकाच गावातल्या दोन गल्ल्यांत असं झालं आणि ती माणसं आजही एकमेकांशी धड बोलत नाहीत. नंतर 1 जानेवारी 2014 ते 31 डिसेंबर 2017 मधल्या लोकांसाठी 5 कोटी युरोचा कठीण-प्रसंग निधी काढला, अर्ज मागवले, पण ते सरसकट परत मिळणं नव्हतं. म्हणून तुमच्याकडे रद्द करायची मागणी करताना मागची तारीख कुठली धरणार हे आत्ताच लावून धरा, नंतर कोणी ऐकत नाही.

राइनकाठ

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी ऱ्हाइनलँड-फाल्त्समध्ये राहतो, जर्मन नागरिकत्व घेतलंय आणि गावच्या कौन्सिलवर आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने रोज बघतो. पूर्ण रद्द करायला माझा विरोध आहे.

आमच्याकडे 2020 च्या कायद्याने एकरकमी बिल बंद केलं आणि 2024 पर्यंत सगळ्या पालिकांना दरवर्षीच्या वर्गणीवर यायला लावलं. म्हणजे गावाचा एक भाग एक गट धरायचा, त्या वर्षी त्या गटात कुठल्याही रस्त्यावर जो खर्च होईल तो गटातल्या सगळ्या घरांवर वाटायचा. निदान 20 टक्के गावाने उचलायचे. खर्च नसेल त्या वर्षी बिल नाही. आमच्या घराला कधी साठ-सत्तर युरो येतं, कधी शंभराला टेकतं. तुमच्या शेजारच्या आजींवर आली तशी वेळ आमच्या गावात कोणावर येत नाही. नुकतंच एकरकमी भरलेल्यांना 20 वर्षांपर्यंत सूट देता येते, ती आम्ही दिलीये. हे घटनेत बसतं का म्हणून लोक कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेले होते आणि 2014 च्या जूनमध्ये कोर्टाने अटी घालून ते मान्य केलं.

आता रद्द करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की पैसे कुठून येणार? राज्य देईल म्हणता. राज्य पहिली दोन वर्षं देतं, मग बजेट आवळलं की आकडा तोच राहतो आणि डांबराचा भाव वाढतो. आमच्या गावात ना कंपनी, ना मॉल, व्यवसाय कर म्हणून जे येतं त्यातून किंडरगार्टनचा वाटाही निघत नाही. आमच्याकडे वाढवायला एकच गोष्ट उरते, ग्रुंडश्टोयर, म्हणजे घर-जमिनीवरचा कर. ती वाढवली की सगळ्यांवर बसते, आणि तो पैसा रस्त्यावरच खर्च होईल याचं बंधन नाही. वर्गणी रस्त्यासाठीच घेतलेली असते, ती दुसरीकडे वळवता येत नाही.

भाडेकरू_डार्मश्टाट

राइनकाठ यांना जोरदार अनुमोदन, आणि हे कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. आपल्यातले बहुतेक लोक भाड्याने राहतात, जर्मनीत निम्म्याहून जास्त घरं भाड्याचीच आहेत. रस्त्याचं एकरकमी बिल मालकाला भाडेकरूच्या नेबनकोस्टनमध्ये (भाड्यावर वेगळा द्यावा लागणारा खर्च) घालता येत नाही, पण ग्रुंडश्टोयर घालता येते. म्हणजे श्ट्रासनबायत्राग रद्द करून पालिकेने ग्रुंडश्टोयर वाढवली की मालकाचा बोजा सरळ माझ्या डोक्यावर. रस्ता नवा झाला म्हणून घराची किंमत वाढणार मालकाची. मला काय मिळणार? 2025 पासून ग्रुंडश्टोयरची नवी पद्धत आली तेव्हाच आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे धास्तावले होते.

मंजिरी_हेसन

भाडेकरू, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि म्हणूनच मी ग्रुंडश्टोयर वाढवा असं म्हणत नाहीये, राज्याच्या तिजोरीतून द्या म्हणतेय.

राइनकाठ, तुमच्याकडची पद्धत आमच्यापेक्षा बरी आहे हे मान्य, हेसनमध्येही पालिकेला ती निवडता येते, आमच्या पालिकेने निवडली नाही. पण माझा मूळ आक्षेप पैशांच्या आकड्याइतकाच दुसऱ्या गोष्टीवर आहे आणि तो दोन्ही पद्धतींना लागू होतो. खड्डे बुजवणं, भेगा भरणं, वरचा थर वेळेवर बदलणं, ही रोजची देखभाल पालिकेच्या स्वतःच्या खर्चात. रस्ता पायापासून उकरून नवा करणं मात्र घरमालकांच्या खर्चात. मग तंगीत असलेली पालिका काय करणार? देखभाल पुढे ढकलणार. आमच्या गल्लीत कित्येक वर्षं कडेची फरशीची गटारपट्टी खचलेली आहे, पाणी डांबराखाली मुरतं, हिवाळ्यात गोठतं, उन्हाळ्यात तिथे जाळी पडते. फायबरवाल्यांनी चर खणला त्याचा पॅच बाजूच्या रस्त्यापेक्षा बोटभर खाली बसलाय. दर वेळी पालिकेत कळवलं, दर वेळी उत्तर आलं की बजेटमध्ये तरतूद नाही. आणि आता तेच म्हणतायत की रस्ता दुरुस्तीपलीकडे गेलाय, पूर्ण नवा करावा लागेल, भरा पंधरा हजार.

ज्याने छप्पर गळू दिलं त्यानेच नव्या घराचं बिल दुसऱ्याला पाठवायचं, असा हा कायदा आहे. कोणी वाईट माणूस आहे म्हणून हे होत नाही, कायदाच तसा रचलाय की दुर्लक्ष केलं तर पालिकेचा फायदा. हे जोवर आहे तोवर रस्ते वेळेवर दुरुस्त होणार नाहीत. हप्ते 20 वर्षांचे करा नाहीतर 40 चे करा, त्याने काहीच बदलत नाही.

वऱ्हाडी_पाऊल

ताई बरोब्बर बोलल्या. मी श्टुटगार्टचा, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये हा कर कधी नव्हताच, आणि आमच्याकडचे रस्ते काही पडले नाहीत ना बाप्पा. कर नसला की रस्ते बंद पडतील हे जे सांगतात त्यांनी इकडे येऊन बघावं. बर्लिनने 2012 ला काढला, हांबुर्गने 2016 ला, ब्रांडेनबुर्ग आणि थ्युरिंगेनने 2019 ला, साक्सेन-आनहाल्टने 2020 ला. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये करदात्यांच्या संघटनेने चार लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या होत्या, तरी तिथलं सरकार आधी रद्द करायला तयार नव्हतं, फक्त निम्मा भार उचलतो म्हणालं, मग पूर्ण उचलायला लागलं आणि शेवटी 2024 मध्ये कायद्यातूनच काढलं. टप्प्याटप्प्याने का होईना, लोक हटले नाहीत म्हणून झालं.

तरी एक सांगतो, आमच्याकडेही पहिल्यांदा रस्ता बांधताना एर्श्लीसुंग्सबायत्राग द्यावाच लागतो, तो वेगळा. तो सगळ्या जर्मनीत आहे आणि त्यात पालिकेचा वाटा बहुतेक राज्यांत फक्त 10 टक्के असला तरी चालतो. नवीन वसाहतीत प्लॉट घेणाऱ्यांनी दोन्हीत गल्लत करू नका.

म्युनिकमामा

वऱ्हाडी_पाऊल यांनी चांगलं आठवण करून दिलं. स्ट्राब्स रद्द झाल्यावर आमच्याकडे काही गावांनी जुन्याच रस्त्यांना 'हा रस्ता पहिल्यांदा पूर्ण कधी झालाच नव्हता' असं म्हणून पहिल्या बांधणीचं बिल लावायला सुरुवात केली. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेली गल्ली, फूटपाथ राहिला होता किंवा दिवे कमी होते म्हणून अपूर्ण धरायची, की 90 टक्क्यांपर्यंत वसुली. त्यावरही आंदोलनं झाली आणि आता एप्रिल 2021 पासून, काम सुरू होऊन 25 वर्षं उलटली असतील तर ते बिल लावता येत नाही. तेव्हा मंजिरीताई, हेसनमध्ये उद्या रद्द झालंच तर ही मागची खिडकी उघडी राहत नाही ना हेही कायद्यात बघायला लागेल.

पेठकरी

पुण्यातून वाचतोय, मुलगी तिकडे असते म्हणून उत्सुकता. आपल्याकडे मिळकतकराच्या बिलात पथकर म्हणून एक ओळ असते, सगळ्या शहराकडून थोडा थोडा घेतात. नगररचना योजनेत प्लॉटची किंमत वाढली म्हणून सुधारणा आकार घेतात तोही माहीत आहे. पण रस्ता जुना झाला म्हणून त्याच गल्लीतल्या माणसाला लाखो रुपयांचं बिल, हे मी पहिल्यांदा ऐकतोय. याचा उगम काय? इतक्या श्रीमंत देशात हे आलं कुठून?

राइनकाठ

काका, हे प्रशियाच्या काळापासूनचं आहे. 1893 चा प्रशियाचा पालिका-कर कायदा, त्यात कल्पना अशी की सार्वजनिक सोयीमुळे ज्याच्या जमिनीला लाभ होतो त्याने खर्चात वाटा द्यावा. शहरं झपाट्याने वाढत होती, जमीनमालकांचे भाव फुकटात चढत होते, त्या काळी ते न्याय्यच होतं. महायुद्धानंतर राज्यांनी आपापले कायदे केले त्यात तेच तत्त्व पुढे आलं.

आणि मंजिरी, देखभालीचा तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. तो खरा आहे. मी कौन्सिलवर आल्यापासून दरवर्षी भेगा भरायचे पैसे वेगळे ठेवा म्हणून भांडतो, कधी मिळतात कधी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे देखभालीची नोंद सक्तीची करणं. पालिकेने देखभाल केल्याचं दाखवलं नाही तर तिचा वाटा वाढवायचा, असा कायदा राज्याने करावा, मी पहिली सही करेन. पूर्ण रद्द केलं की गावाच्या हातातलं शेवटचं हक्काचं साधन जातं आणि आम्ही प्रत्येक रस्त्यासाठी राजधानीकडे हात पसरत बसतो. गावाने आपला कारभार आपण करायचा या तत्त्वाला इथे घटनेचं संरक्षण आहे, ते मला मोलाचं वाटतं.

मंजिरी_हेसन

देखभालीच्या नोंदीची सक्ती, ही कल्पना आवडली, खरंच. पण तत्त्वाचं म्हणाल तर लाभ ज्याला त्याने द्यावं हे 1893 ला ठीक होतं. आज आमच्या गल्लीतून सकाळी हमरस्त्यावरचा सिग्नल चुकवणारे निम्म्या तालुक्याचे लोक जातात, पार्सलच्या व्हॅन दिवसभर, कचऱ्याचा अवजड ट्रक दर आठवड्याला. रस्ता त्यांनी झिजवला. जमिनीला लाभ कसला, पन्नास वर्षांपूर्वीही रस्ता होताच की. आणि गावाचा कारभार गावाने करावा म्हणता, पण हातात पैसा असेल तर तो कारभार. व्यवसाय कराने भरलेलं एशबोर्न आणि ओडेनवाल्डमधलं डोंगराळ खेडं यांना 'तुम्हीच ठरवा' असं एकच वाक्य सांगणं म्हणजे गरीब गावातल्या माणसाने भरायचं, हे आधीच ठरवून टाकणं आहे. हेसनमध्ये सव्वाचारशेच्या आसपास पालिका आहेत, राज्य एकच आहे.

कोणीतरी म्हणेल गाड्यांचा कर भरतोच की. तर तो 2009 च्या जुलैपासून केंद्राकडे जातो, गावच्या रस्त्याला त्यातलं थेट काही येत नाही. म्हणून राज्याने कायद्यातच ठरलेली रक्कम बांधून द्यावी, दर किलोमीटरमागे, आणि बांधकामाच्या महागाईप्रमाणे ती वाढत जावी. नुसतं रद्द करून मोकळं होणं मलाही नको.

नीलमोहर

इतका वेळ नुसतं वाचत होते पण राहवलं नाही. आम्ही हेसनमध्येच, घर आहे, दोघंही भारतीय पासपोर्टवर. गावच्या निवडणुकीत युरोपियन युनियनमधला माणूस मत देऊ शकतो, आम्ही नाही. सह्यांच्या मोहिमेतही मतदारांचीच सही धरतात. म्हणजे बिल आम्हाला येणार, ठराव करणारे कौन्सिलर आम्ही निवडलेले नाहीत आणि रद्द करा म्हणायला सहीसुद्धा चालत नाही. हे फार लागतं मनाला. मुलं इथल्या शाळेत, कर इथे, आणि आपल्या दारातल्या रस्त्याबद्दल बोलायचा हक्क नाही. अशांनी काय करायचं?

राइनकाठ

नीलमोहर, तुमचं दुःख मी समजू शकतो, नागरिकत्व घेण्याआधी मीही त्याच जागी होतो. मत नाही हे खरं, पण विनंती अर्जाचा हक्क घटनेच्या 17 व्या कलमाने प्रत्येक माणसाला दिलाय, नागरिक असो वा नसो. विधानसभेच्या अर्ज समितीकडे तुम्ही स्वतःच्या नावाने लिहू शकता आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं. गावच्या मीटिंगला जा, प्रश्न विचारा, इतिवृत्तात नोंद मागा. बिलाविरुद्ध विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकतही मालक म्हणून घेता येते, पासपोर्टचा संबंध नाही.

वऱ्हाडी_पाऊल

विडरश्प्रुखबद्दल दोन गोष्टी, माझ्या भावाच्या बिलाच्या वेळी आम्ही हे सगळं केलंय. मुदत एक महिना, बिल हातात पडल्यापासून. आणि हरकत घेतली म्हणून भरणं थांबत नाही, पैसे आधी भरायचे आणि मग भांडायचं, स्थगिती हवी तर वेगळी मागायची. फाइल बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. फाइलमध्ये काय बघायचं तर गल्लीचा वर्ग. निव्वळ रहिवासी गल्ली धरली तर हेसनमध्ये पालिकेचा वाटा कमीत कमी 25 टक्के, गावांतर्गत रहदारीची धरली तर 50, आरपार रहदारीची तर 75. ताईंच्या गल्लीतून निम्मा तालुका जातो म्हणतात ना, मग 75 टक्के घरमालकांवर कसे? गाड्यांची मोजणी केलीये का ते विचारा. दुसरं, त्याच वेळी पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बदलतायत का? बदलत असतील तर खोदाई आणि पुन्हा भरायच्या खर्चातला त्यांचा हिस्सा वेगळा काढला पाहिजे. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर दोन रस्त्यांची बिलं येऊ शकतात, तिथे सवलत असते, बहुतेक एक तृतीयांश, पण गावच्या नियमावलीत बघा.

भाडेकरू_डार्मश्टाट

हे वाचून एक प्रश्न. आम्ही पुढच्या वर्षी घर घ्यायचं बघतोय. घेतल्यावर लगेच असं बिल आलं तर आधीच्या मालकाकडून घेता येतं का?

वऱ्हाडी_पाऊल

बिल ज्या दिवशी बजावलं जातं त्या दिवशी जो मालक असतो तो देणं लागतो, आणि ते देणं जमिनीला चिकटलेलं असतं. पालिका आधीच्या मालकाकडे जात नाही. म्हणून नोटरीच्या कराराच्या मसुद्यात हे कलम आधीच वाचा, आजपर्यंत झालेल्या कामांचा खर्च विकणाऱ्याकडे असं लिहून घ्या, आणि सही करण्याआधी पालिकेत जाऊन त्या गल्लीचं काम यादीत आहे का, जुन्या कामाचं बिल बाकी आहे का याचं लेखी उत्तर मागा. एजंट तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका.

मंजिरी_हेसन

सगळ्यांचे मनापासून आभार. गाड्यांच्या मोजणीचा मुद्दा आजच नवऱ्याला वाचून दाखवला, पुढच्या मीटिंगआधी आम्ही गल्लीतले सगळे मिळून फाइल बघायला अर्ज देतोय, आजींचाही त्यांच्या सहीने. राइनकाठ, देखभालीच्या नोंदीची सक्ती आणि महागाईप्रमाणे वाढणारी राज्याची रक्कम, या दोन मागण्या एकत्र घालून विधानसभेकडे अर्ज लिहायचा विचार आहे. रद्द करण्यावर आपलं जमणार नाही, पण पहिल्या मागणीचा मसुदा तुम्ही बघाल का? नीलमोहर, तुम्ही हेसनच्याच आहात, तुमच्याही नावाने स्वतंत्र अर्ज जायला हवा. मसुदा झाला की इथेच टाकते.

नीलमोहर

नक्की टाका. जर्मन भाषांतराला मी मदत करते, आणि आमच्या गल्लीतही विचारते.